मदत हवी आहे: स्लो कुकरमधला कार्नितास खरपूस कसा करावा?

शिकागोच्या पिल्सन या मेक्सिकन वस्तीत वजनावर मिळणारा कार्नितास, म्हणजे चरबीत मऊ शिजवून तांबूस तळलेले डुकराचे मांस, आमच्या घरी सर्वांना अतिशय आवडतो, आणि तो घरीच स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) करण्याचा माझा प्रयत्न आहे. मांस सुरेख मऊ होते, दोन काट्यांनी सहज सुटते, परंतु त्याला उकडलेल्या मांसाची चव येते आणि कडा खरपूस होत नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हा पदार्थ मूळचा मेक्सिकोतील मिचोआकान राज्याचा. तेथे पोर्कचे मोठे तुकडे तांब्याच्या भल्यामोठ्या कढईत डुकराच्याच चरबीत शिजवतात. या कढयांसाठी त्याच राज्यातील सांता क्लारा देल कोब्रे हे गाव प्रसिद्ध आहे. सुरुवातीला मांस चरबीत हळूहळू शिजते, त्यातले पाणी उडून जाते, आणि शेवटी आच वाढवली की तेच तुकडे त्याच चरबीत तळले जाऊन तांबूस होतात. स्लो कुकरमध्ये मात्र झाकणामुळे वाफ पुन्हा खाली उतरते आणि मांसाला सुटलेले पाणी भांड्यातच साचत जाते, त्यामुळे तळण्याची वेळ येतच नाही. माझी अडचण नेमकी येथे आहे.

सध्याची पद्धत सांगतो. खांद्याचा, हाडासकट सुमारे 2 किलोचा तुकडा घेतो, कारण मांडीच्या मांसात चरबी कमी असल्याने ते कोरडे पडते. त्याचे मुठीएवढे तुकडे करून मीठ, जिरेपूड, मेक्सिकन ओरेगानो, ठेचलेला लसूण, तमालपत्र, एका संत्र्याचा रस आणि पाव कप पाणी घालून ‘लो’वर 8 तास ठेवतो. मांसाचे आतले तापमान 90 ते 95 अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की त्यातील कोलॅजेनचे (मांस चिवट करणाऱ्या प्रथिनाचे) मऊ जिलेटिन झालेले असते आणि धागे आपोआप सुटतात. या टप्प्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पुढच्या टप्प्याबद्दल मात्र बरेच विचारायचे आहे. पाणी अजिबात न घालता त्याऐवजी अर्धा कप चरबी घातली, तर स्लो कुकरमध्ये मांस सुरक्षितपणे आणि सारखे शिजेल का? सुटलेला रस पातेल्यात आटवून, ओव्हनमध्ये वरच्या आचेखाली मांस भाजताना तो वरून घालावा, की आधी मांस कोरडेच भाजून रस नंतर मिसळावा? मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण ओले मांस आचेखाली भाजण्याऐवजी वाफवले जाते. पण तसे केल्यास बारीक धागे करपण्याची भीती आहे. म्हणूनच भाजण्याआधी मांस पूर्ण सोडवावे की मोठे तुकडे तसेच ठेवून ताटात वाढताना सोडवावे, हेही ज्यांनी करून पाहिले आहे त्यांनी सांगावे. बिडाच्या तव्यावर थोड्या थोड्या मांसाचे घाणे काढणे अधिक चांगले असेल, तर ती मेहनत घेण्याची माझी तयारी आहे.

आणखी एक शंका आहे. पाहुणे शनिवारी सायंकाळी येणार असल्याने मांस शुक्रवारी शिजवून रसासकट फ्रिजमध्ये ठेवावे, दुसऱ्या दिवशी वर गोठलेली चरबी काढून तिच्यातच मांस परतावे, असा विचार आहे. रात्रभर रसात राहिल्याने चव मुरेल, की मांस पुन्हा गरम करताना कोरडे होईल?

सोबत मक्याचे तोर्तिया (पातळ मेक्सिकन पोळ्या), बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि तोमातिल्योचा (टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या आंबट हिरव्या फळाचा) हिरवा साल्सा, म्हणजे चटणी, असणार आहे, त्यामुळे मांसात जास्त मसाला नको. प्रेशर कुकरची कृती मला ठाऊक आहे. सकाळी लावून निर्धास्तपणे कामावर जाता यावे यासाठी स्लो कुकरच वापरायचा आहे, म्हणून कृपया त्याच भांड्याला धरून उत्तरे द्यावीत. मांसाचे वजन, चरबीचे प्रमाण आणि भाजण्याची वेळ लिहिल्यास फार उपयोग होईल.