रशियन म्युझियम, सेंट पीटर्सबर्ग: चार तासांत काय आणि कोणत्या क्रमाने पाहावं?

भटकी_सावली
नमस्कार मंडळी. पीटर्सबर्गमध्ये मुक्काम थोडा आहे. हर्मिटाज संग्रहालयाला एक दिवस ठेवलाय. रेपिन, ब्रुलोव, आयवाझोव्स्की या रशियन चित्रकारांची चित्रं तिथेच बघायला मिळतील की रशियन म्युझियमला वेगळं जावं लागेल? जायचंच असेल तर हाताशी चार तास आहेत. रेपिनचं इव्हान द टेरिबल आणि मालेविचचा काळा चौकोन चुकवायचे नाहीत.

रंगरेषा
वेगळं जावंच लागेल. हर्मिटाजची ख्याती पश्चिम युरोपच्या चित्रांसाठी आहे, तुमची यादी मिखाइलोव्स्की राजवाड्यातली, म्हणजे रशियन म्युझियमच्या मुख्य इमारतीतली. फक्त रेपिनचा इव्हान (1885) मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. 1915 चा मूळ काळा चौकोनही मॉस्कोतच, पण नव्या त्रेत्याकोव्हच्या इमारतीत. पीटर्सबर्गमध्ये आहे ती 1923 च्या सुमाराची आवृत्ती, मालेविचच्याच काळं वर्तुळ आणि काळा क्रूस या चित्रांसोबतची.

वार आधी पाहा: रशियन म्युझियम मंगळवारी बंद, हर्मिटाज सोमवारी. गुरुवारी रशियन म्युझियम दुपारी उघडतं आणि रात्रीपर्यंत चालतं.

आता क्रम. रशियात तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे पाटीवरचा 'दुसरा' म्हणजे आपला पहिला. दालनांचे आकडे तिथून सुरू होतात: 1 ते 4 जुन्या आयकॉन (ख्रिस्ती धार्मिक चित्रं), पुढे अठरावं शतक, मग 14. हे दालन सावकाश पाहा. ब्रुलोवचं 'पॉम्पेईचा शेवटचा दिवस' (1830-33) साडेचार मीटर उंच आणि साडेसहा मीटर रुंद आहे, आयवाझोव्स्कीची 'नववी लाट' (1850) त्याच दालनात. मग 18 पासून तळमजला. रेपिन 33 ते 35 च्या आसपास. 54 मध्ये त्याचं राज्य परिषदेच्या बैठकीचं चित्र, जवळजवळ पावणेनऊ मीटर लांब. तिथून पुढे म्युझियमच्याच जोडलेल्या बेन्वा इमारतीत विसावं शतक. शेवटचा तास तिच्यासाठी राखून ठेवा, नाहीतर मालेविच राहून जातो.

वॉर्निश
वरच्या यादीत भर. मोठ्या तैलचित्रांवर वॉर्निशमुळे दिवे चमकतात आणि नेमका मधला भाग दिसेनासा होतो. दोन पावलं बाजूला सरका, चमक हलते. 'पॉम्पेई' आधी खोलीच्या पलीकडच्या टोकाकडून पाहा, मग जवळ या. डावीकडच्या गर्दीत डोक्यावर रंगपेटी धरलेला तरुण आहे, तो खुद्द ब्रुलोव.

रेपिनचं 'व्होल्गावरचे नावाडी' (1870-73), म्हणजे काठावरून छातीच्या पट्ट्यांनी जहाज ओढणारे मजूर, उलट आधी जवळून. अकरा माणसं, बहुतेक पुढे वाकलेली. मधला पोरगा तेवढा ताठ, छातीवरचा पट्टा सैल करतोय. उजवीकडे दूर क्षितिजावर धूर सोडणारी बारीकशी आगबोट आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. माझ्या मते चित्राचा सगळा दंश तिच्यात आहे.

कुइंजीचं नीपर नदीवरच्या चांदण्या रात्रीचं चित्र (1880) छापील प्रतीसारखं उजळ दिसलं नाही तर दिव्याला दोष देऊ नका. त्यातले डांबरयुक्त रंग हवेने आणि प्रकाशाने काळवंडले आहेत. पहिल्या प्रदर्शनात ते अंधाऱ्या खोलीत एकटंच, दिव्याच्या झोतात ठेवलं होतं.

54 मध्ये उगाच घाई नको. ऐंशीहून अधिक चेहरे आहेत आणि भोवती रेपिनचे तयारीचे अभ्यासही लावलेत. मोठ्या चित्रापेक्षा ते अभ्यासच जास्त जिवंत वाटतात.

भटकी_सावली
खूप आभार! तिकीट तिथेच काढावं का? फोटोला परवानगी आहे?

नेवाकाठ
रशियाबाहेरच्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, तेव्हा रोख रूबल जवळ ठेवा. बंद व्हायच्या वेळेआधीच तिकीटखिडकी बंद होते. मुख्य राजवाडा आणि बेन्वा आतून जोडलेले आहेत. मात्र तिकिटावर कोणत्या इमारती लिहिल्यात ते खिडकीवरच बघा, कारण संगमरवरी राजवाडा, स्त्रोगानोव्ह राजवाडा आणि मिखाइलोव्स्की किल्ला ही याच म्युझियमची शहरातली वेगळी ठिकाणं. नुसत्या 'मिखाइलोव्स्की' नावावर विसंबून टॅक्सीवाल्याला सांगितलं तर तो किल्ल्यावरही नेऊन सोडेल. 'कला चौक, पुश्किनच्या पुतळ्यासमोर' असं सांगा. मेट्रोने नेव्स्की प्रोस्पेक्त किंवा गस्तीनी द्वोर, पुढे चालत.

कोट आणि मोठी बॅग क्लोकरूममध्ये द्यावी लागते. फोटो फ्लॅश आणि ट्रायपॉडशिवाय चालतात, तात्पुरत्या प्रदर्शनात मात्र पाटी वाचा. आणि जायच्या आदल्या दिवशी म्युझियमच्या साइटवर बंद दालनांची सूचना पाहा. एखादं चित्र बाहेर गेलेलं असलं तर ते तेव्हाच कळतं. बेन्वातली मांडणी तर वरचेवर बदलते, मालेविच सध्या कुठे आहे ते आत शिरताच विचारून घ्या.