पाडव्याला संकल्प, दसऱ्याला हिशेब: काटकसर मोजावी की नुसती करावी?

वाळवण (धागाकर्ती, म्हणजे ही चर्चा सुरू करणारी)

गुढीपाडव्याला फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. नाशिकला आम्ही चौघं, दोघांच्या नोकऱ्या, मुलगा दहावीत, मुलगी सातवीत. वर्षासाठी पाच गोष्टी ठरवल्या. सिलिंडर किमान ४५ दिवस पुरवायचा, वीज महिन्याला १५० युनिटच्या आत, आम्हा दोघांना नवे कपडे नाहीत, बाहेरचं जेवण महिन्यातून दोनदाच आणि दर रविवारी नको असलेल्या पाच वस्तू घराबाहेर.

काल दसऱ्याला सहामाही हिशेब मांडला. गॅसवर मी खूश आहे. आधी सिलिंडर ४१ दिवस जायचा, आता तीन सिलिंडरांची सरासरी ५२ दिवस. नवा लावला की कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायची सवय आईची, दुधाचे खाडेही तिथेच. कडधान्य भिजवल्याशिवाय शिजवायचं नाही, वरण-भात-बटाटे एकाच कुकरात आणि पहिली शिट्टी झाली की आच बारीक, एवढंच केलं. असंच चाललं तर वर्षाला नऊऐवजी सात सिलिंडर.

वीज मात्र १७० वरून १८५ वर गेली. का, ते कळत नाही. बाहेरचं जेवण जुलैपर्यंत बरं होतं, मग मुलाचे क्लास सुरू झाले, पुढचं विचारू नका. वस्तू काढायचं काम पाच रविवार चाललं. कपड्यांत मी शून्य, नवऱ्याचे दोन शर्ट. पण मेमध्ये नणंदेच्या मुलीचं लग्न झालं, त्यात मानपानाच्या चार साड्या आल्या. त्या मोजायच्या का, यावरून घरात वाद आहे.

खरा वाद पुढचा. नवरा म्हणतो, "तो कागद काढ, घराचं ऑफिस केलंयस." माझं म्हणणं, काटकसर करतो असं सगळेच म्हणतात. लिहिल्याशिवाय कळतं कुणाला? तुम्ही काय म्हणता?

खाडाखोड

नवऱ्याच्या बाजूने मत.

माझे वडील रोज रात्री जेवणानंतर खर्चाची वही घेऊन बसायचे. प्रत्येकाने दिवसाचा खर्च सांगायचा. मी चौथीत असताना शाळेबाहेर बर्फाचा गोळा खाल्ला आणि रात्री सांगितलं, खोडरबर घेतलं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, असं नाही सांगायचं, 'किरकोळ' म्हणायचं. पुढे मोठा झाल्यावर त्या वह्या चाळल्या. आमच्या घरातला सगळ्यात मोठा खर्च किरकोळ होता!

वडील वाईट नव्हते. पगार तुटपुंजा होता आणि घर त्यांनी त्यातच उभं केलं. पण वहीमुळे बचत झाली की आम्ही तिघं भावंडं लपवण्यात तरबेज झालो, हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्या मुलीला एखादा कुर्ता आवडला तर ती आधी आरशाकडे बघेल की फ्रिजकडे?

वाळवण

मुलांचे कपडे यादीत नाहीत, तेवढं आधीच ठरवलंय. पण 'किरकोळ' वाचून हसले आणि जरा टोचलंही.

निवृत्त_रोखपाल

ताई, मोजणं चूक नाही. तुम्ही मोजताय ते चुकीचं आहे. बत्तीस वर्षं काउंटरवर लोकांचे पैसे मोजले म्हणून सांगतो.

समजा ३० लाखांचं गृहकर्ज आहे, २० वर्षांचं. ९ टक्क्यांनी हप्ता येतो २६,९९२ रुपये, साडेआठ टक्क्यांनी २६,०३५. अर्ध्या टक्क्याचा फरक महिन्याला साडेनऊशेच्या वर, वर्षाला साडेअकरा हजार. तुम्ही भिजवलेल्या मटकीचे दोन सिलिंडर वाचवताय. जुन्या ग्राहकाचा दर नव्यापेक्षा जास्त ठेवलेला पुष्कळदा आढळतो. विचारलं तर थोडं शुल्क घेऊन कमी करून देतात, पण विचारायला कुणी येत नाही. येतात ते पासबुक भरून घ्यायला.

हप्ता, विमा, फी, गाडी या चार गोष्टी वर्षातून एकदा पाहा आणि उरलेले दिवस सुखाने मटकी खा.

वाळवण

कर्ज आहे, बारा वर्षं शिल्लक आहेत. सध्याचा दर किती आहे, ते आत्ता विचारलंत तर सांगता येणार नाही. सिलिंडरची तारीख मात्र पाठ आहे. हे लिहितानाच लाज वाटतेय.

चिमूटभर

मेमध्ये मुलं मामाकडे गेली होती का?

वाळवण

अरे देवा. हो, तीन आठवडे. आणि लग्नाचे चार दिवस घरी चूलच पेटली नाही. ते वजा केलं तर ५२ नाही, ४७ च्या आसपास येतात.

चिमूटभर

मग ४५ चं लक्ष्य गाठलंय की. उगाच ५२ चा झेंडा कशाला?

सर्किट

विजेचं कोडं सोडवू का? मध्यंतरी इंडक्शन घेतलंत?

वाळवण

जूनमध्ये. नवऱ्याने आणलं, चहा-दूध तापवायला. हळूहळू भाजीही त्यावरच होते. तुम्हाला कसं कळलं?

सर्किट

२००० वॅटची शेगडी पूर्ण ताकदीने अर्धा तास चालली की एक युनिट. रोज एक म्हणजे महिन्याला ३०. तुमची वाढ सरासरी १५ ची आहे, कारण आधीचे महिने त्यात धरलेत. जुलैपासूनची बिलं वेगळी काढून बघा. गॅसच्या रकान्यातून जे गेलं ते विजेच्या रकान्यात येऊन बसलंय.

आता टप्प्यांचं. १०० युनिट ओलांडले की सगळीच वीज महाग लागते असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० ना पहिलाच दर, १०१ ते ३०० ना पुढचा. पण पुढचा दर दुपटीच्या घरात आहे आणि तुमचं इंडक्शनचं प्रत्येक युनिट त्याच टप्प्यात पडतं. त्या दराने ते गॅसपेक्षा स्वस्त पडत असेल असं मला वाटत नाही. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तिशीतला. हॉलमधला एक बदललात तरी या वाढीचा काही भाग भरून निघेल.

मी मोजण्याच्या बाजूचा आहे. पण दोन आकडे शेजारी ठेवून बघायचे, एकेकटे नाही.

तळकोकणी

वाचतोय आणि गंमत वाटतेय. साधी राहणी हे 'उद्दिष्ट' कधीपासून झालं? आमच्याकडे आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या, कारण दुसरं पांघरूण परवडत नव्हतं. नारळाच्या करवंटीची डवली (डाव), झावळांची केरसुणी. कुणी कागद लावला नव्हता. आता तीच गोधडी प्रदर्शनात टांगलेली दिसते आणि लोक पर्यावरणाचं बोलतात. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही असतं तोच सोडल्याची नोंद ठेवतो.

सर्किट

आणि तांदूळ किती उरलेत, हे तुमची आई बघत नव्हती?

तळकोकणी

बघायची. पावसाळ्यात रोज संध्याकाळी कणगीत हात घालायची. कोपरापर्यंत गेला की गप्प व्हायची. ठीक आहे, तीही मोजदादच म्हणा. पण त्या हातात भीती होती, ताईंच्या कागदात नाही. दोन्हीला एकच नाव देऊ नका एवढंच म्हणणं.

अर्धा_कप

इतके प्रतिसाद आले, पण एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. रात्री मटकी भिजवतं कोण?

ताईंच्या पहिल्या पोस्टमध्ये 'भिजवल्याशिवाय शिजवायचं नाही' असं आहे. कर्ता गायब. साडेदहाला ओटा आवरल्यावर उद्या काय करायचं ते आठवून डबा उघडणं, सकाळी उपसणं, मोड यायला बांधून ठेवणं, कुकरचे तीन डबे रचणं, नको असलेल्या वस्तू निवडून बोहारणीची वाट बघणं. पाच उद्दिष्टांपैकी चारांचं काम एकाच माणसाकडे असणार, आणि ते माणूस कागद लावणारंच असणार. म्हणूनच नवऱ्याला कागद ऑफिससारखा वाटतो. त्याला फक्त निकाल दिसतो.

सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होते, पुरुषाचे ९७. आणि ही ९७ जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी. मुळातच न करणारे त्यात धरलेले नाहीत.

काटकसर म्हणजे पुष्कळदा पैशाच्या जागी वेळ घालणं. विकतची पोळी आठ-दहा रुपयांची, घरची स्वस्त, कारण लाटणारीचा तास फुकट धरलाय. माझ्या सासूबाई उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, वर्षाचे पापड करायच्या आणि सासरे अभिमानाने सांगायचे, आमच्याकडे पापडाला एक पैसा लागत नाही. सासूबाईंचा उजवा खांदा पंचावन्नाव्या वर्षी वर जात नव्हता. तो कुठल्या वहीत लिहायचा?

मी मोजण्याच्या विरोधात नाही. पण वेळेचा रकाना नसेल तर तो कागद खोटा आहे. ताईंनी तो रकाना आखावा.

खाडाखोड

म्हणजे आता मिनिटंही मोजायची? रोगावर रोगच औषध.

अर्धा_कप

तुमच्या वडिलांच्या वहीत आईचं जागरण असतं, तर तुम्हा भावंडांपैकी एखादं तरी उठून मदतीला गेलं असतं, असं मला वाटतं.

खाडाखोड

कदाचित. माहीत नाही. वह्या अजून माळ्यावर आहेत, आई नाही.

निवृत्त_रोखपाल

अर्धा कप यांचा मुद्दा मी घरी वाचून दाखवला. सौ. म्हणाल्या, तुम्ही बत्तीस वर्षं पैसे मोजलेत, मी तेवढीच वर्षं डबे. पुढे काही बोलायची सोय राहिली नाही.

वाळवण

दोन दिवसांनी लिहितेय. कागद काढला, पण फेकला नाही, उलटा करून लावला. मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे नाहीत, फक्त कामं आणि समोर नावं. भिजवणं मुलाकडे, मीटरचं रिडिंग मुलीकडे, बँकेत जाऊन दर विचारणं नवऱ्याकडे. त्याने पहिला प्रश्न केला, "म्हणजे ऑफिस बंद झालं की शाखा वाढवल्या?" कॅलेंडरवरचा गोल मात्र चालू राहणार, त्याला कुणाची हरकत नाही.

जुलैपासूनची बिलं काढली. २०३, २०८, २०५. सर्किट, तुमचं बरोबर होतं. इंडक्शन आता फक्त गॅस संपला तर.

आजची प्रगती: मुलाने परवा चवळी भिजवली. 'किती' हे सांगायचं राहिलं, त्याने अर्धा किलो टाकली. दोन दिवस चवळीची उसळ, चवळीची आमटी आणि आज चवळीचे वडे चाललेत. तेलाचा हिशेब कृपया कुणी विचारू नये.

चार साड्यांचं काय करायचं, ते राहिलंच.

निवृत्त_रोखपाल

आलेल्या साड्या खर्चात नाहीत, जमेत. पण आहेर परत करावा लागतो, म्हणून लगेच देण्यातही. चार साड्या, चार देणी.

चिमूटभर

मी पुढच्या महिन्यात नाशिकला येतेय. एक मला द्या, एक देणं तिथल्या तिथे कमी. मोरपंखी असेल तर बघा.