माफी मिळाली, साक्ष राहिली: निक्सनला सोडून फोर्डने बरं केलं का?

शंकेखोर
सोसायटीच्या गणपतीत प्रश्नमंजूषा होती. प्रश्न आला: राष्ट्राध्यक्ष किंवा उपराष्ट्राध्यक्ष म्हणून एकदाही निवडून न येता व्हाइट हाउसमध्ये पोचलेला माणूस कोण? मी जेराल्ड फोर्ड म्हटलं आणि स्टीलचा डबा जिंकला. जिना चढताना मात्र शेजारच्या काकांशी जो वाद जुंपला, तो अजून मिटलेला नाही. म्हणून इथे टाकतोय.

थोडक्यात मागचं. उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅग्न्यू करचुकवेगिरीत अडकला आणि 10 ऑक्टोबर 1973 ला राजीनामा देऊन गेला. निक्सनने 25व्या घटनादुरुस्तीखाली फोर्डला नेमलं, तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मान्यता दिली. 9 ऑगस्ट 1974 ला वॉटरगेटपायी (विरोधी पक्षाच्या कचेरीत घुसखोरी आणि ती दडपायचा खटाटोप) निक्सनही गेला, फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाला. महिना पुरा व्हायच्या आत, 8 सप्टेंबरला, त्याने निक्सनला माफी देऊन टाकली. कशाची? 20 जानेवारी 1969 ते 9 ऑगस्ट 1974 या काळात केलेल्या किंवा केलेल्या असू शकतील अशा सगळ्या संघराज्यीय गुन्ह्यांची. आरोपपत्रसुद्धा दाखल नव्हतं!

आपल्याकडे माफीचा साक्षीदार असतो. आधी सगळं ओकायचं, मग माफी. निक्सनला माफी मिळाली, साक्षीचं नावच नाही. माझा आक्षेप एवढाच आहे. काका म्हणतात, फोर्डने देश वाचवला.

काळा कोट
काकांच्या बाजूने मी. पहिलं म्हणजे तुमची तुलना गंडली आहे. माफीचा साक्षीदार कोर्टात ठरतो. फोर्डने वापरला तो क्षमादानाचा अधिकार, आपल्या राज्यघटनेतल्या कलम 72 च्या जातीचा. फरक इतकाच की आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तिकडे एकटा माणूस सही करतो आणि विषय संपतो.

आता व्यवहाराचं बोला. विशेष सरकारी वकील जॅवोर्स्की यांचा अंदाज होता की ज्युरी निवडायलाच नऊ महिने ते वर्ष, कदाचित जास्तही लागेल. तोवर महागाई, व्हिएतनाम, सगळं बाजूला आणि रोज पहिल्या पानावर निक्सन. फोर्डने स्वतःचं नाक कापून घेतलं, पण हे थांबवलं. गॅलपच्या पाहणीत त्याची पसंती 71 टक्क्यांवरून 50 च्या आसपास घसरली. 2001 मध्ये त्याच निर्णयासाठी केनेडींच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि 1974 मध्ये कडाडून टीका करणाऱ्या टेड केनेडींनी तेव्हा आपलं चुकलं असं कबूल केलं.

आणि कबुली नाही कशी? 1915 च्या बर्डिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की माफी स्वीकारण्यात दोषाची कबुली येते. फोर्ड ते वाक्य पाकिटात घेऊन फिरायचा.

जर्सीकर
धैर्य वगैरे ठीक, पण तो रविवार आठवा. सकाळी चर्च, अकराच्या सुमाराला टीव्हीवर माफी, नंतर गोल्फ. कोणाला विश्वासात घेतलं नाही. त्याचा स्वतःचा प्रसिद्धी सचिव टरहॉर्स्ट महिनाभरात नोकरी सोडून गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: सदसद्विवेकाला स्मरून व्हिएतनामला जायचं नाकारलेल्या पोरांना माफी नाही, मग साहेबांनाच का? त्या पोरांसाठी फोर्डने आठवड्याभराने योजना आणली, पण सशर्त. बिनशर्त माफी फोर्डनंतर आलेल्या कार्टरने 1977 मध्ये दिली.

डोंबिवली फास्ट लोकल
निक्सनला वॉटरगेट माफ करा हो, 1971 च्या युद्धात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात धाडलं त्याचं काय?

शंकेखोर
त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

काळा कोट साहेब, बर्डिक कोण ते सांगितलं नाहीत. तो न्यूयॉर्कचा पत्रकार. राष्ट्राध्यक्ष विल्सनने दिलेली माफी त्याने नाकारली, आणि नाकारता येते असा निकाल लागला. दोषाचं वाक्य त्यात ओघात आलेलं. निक्सनने माफी घेताना चुका झाल्या, निर्णय चुकले एवढंच म्हटलं, गुन्हा शब्द नाही. 1977 मध्ये टीव्हीवाल्या फ्रॉस्टला दिलेल्या मुलाखतीत तर राष्ट्राध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदा नसतंच, असं बिनदिक्कत सांगितलं. ही कबुली?

बरं, खुद्द फोर्डचंच ऐका. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या सुनावणीत राजीनामा दिलेल्या राष्ट्राध्यक्षावरचा खटला पुढच्याला थांबवता येईल का, असं त्याला विचारलं होतं, तेव्हा लोक हे खपवून घेणार नाहीत असं उत्तर त्याने दिलं होतं.

काळा कोट
लोकांनी खपवून घेतलं नाही हे मान्य. पण 1976 च्या निवडणुकीतली फोर्डची हार सगळी माफीच्या खात्यावर टाकू नका. रेगनने पक्षातच दमवलं होतं, आणि वादविवादात पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही असं बोलून बसला. तरी राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळाची 240 मतं मिळवली, कार्टरला 297.

शिवाय खुर्चीच्या बदल्यात माफी असा सौदा झाला म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला तो स्वतः ऑक्टोबरमध्ये प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे जाऊन बसला. असं किती राष्ट्राध्यक्षांनी केलंय?

शंकेखोर
बसला, शाबास. पण हाताखालच्यांचं बघा. हाल्डमन, एर्लिकमन, मिचेल ही निक्सनची खास माणसं वॉटरगेट दडपल्याच्या खटल्यात 1 जानेवारी 1975 ला दोषी ठरली आणि प्रत्येकाने साधारण दीड वर्ष तुरुंगात काढलं. त्या खटल्यात निक्सनला साक्षीला बोलावलं होतं. पायाच्या शिरांच्या दुखण्याने तो आजारी होता, न्यायाधीशांनी तीन डॉक्टर पाठवले, त्यांनी साक्ष झेपणार नाही असा निर्वाळा दिला. आजार खराच होता, त्यावर माझी शंका नाही. पण सहा महिने थांबून, साक्षीची अट घालून माफी दिली असती तर? घाई कसली होती? माफी नको होती असं मी म्हणतच नाही.

काळा कोट
अट घालता आली असती, कायद्याने आडकाठी नव्हती. थांबण्याबद्दल मी हटणार नाही. सहा महिन्यांनी हाच गोंधळ दुपटीने झाला असता.

एक गोष्ट मात्र फोर्डचं वकीलपत्र घेऊनही मला गिळता येत नाही. माफीच्याच दिवशी निक्सनने व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या केलेल्या टेपांचा करार जाहीर झाला: मालकी निक्सनची, आणि ठरावीक मुदतीनंतर किंवा त्याच्या मृत्यूनंतर त्या नष्ट करायच्या. डिसेंबरमध्ये काँग्रेसने कायदा करून टेपा ताब्यात ठेवल्या म्हणून उरल्या. काकांना विचारा, यात देश कसा वाचला ते. मलाही हवंय उत्तर.