प्रतिसाद: गाडी सुटल्याचे कानाला कसे कळते?
लोकलमध्ये डोळे मिटून उभे असतानाही गाडी सुटल्याचे कसे कळते, या प्रश्नाला वर ‘पायांना बसणारा हिसका’ असे उत्तर दिले गेले आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे. अंतर्कर्णातील दोन लहान पिशव्यांमध्ये रोमपेशींवर एक मऊ थर असतो व त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. दादरहून गाडी वेग घेऊ लागली, की हे जड स्फटिक किंचित मागे राहतात, रोम वाकतात आणि मेंदूला गतीतील बदल कळतो. वेग स्थिर झाला, की ही जाणीव थांबते. डोके वळवल्याचे मात्र तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रवामुळे समजते.

हेच स्फटिक सुटून एखाद्या नलिकेत शिरले, तर अंथरुणात कूस बदलताच काही सेकंद खोली गरगरते. अशा वेळी मानेचा दोष समजून पट्टा बांधत बसण्यापेक्षा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या एप्ली पद्धतीने हा त्रास बहुतेकदा दूर होतो.

ऐकण्याचे कामही शंखाकृती नलिकेतील रोमपेशींवरच अवलंबून आहे, आणि माणसात त्या नष्ट झाल्यास पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून ढोल-ताशा पथकांतील मुलांनी सरावाच्या वेळीही कानात बोळे घालावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.