मदत हवी आहे: वस्तीतील कोयता घेऊन होणाऱ्या तोडफोडीविरुद्ध जादा पोलिसांची मागणी नेमकी कोणाकडे आणि कशी करावी?

दक्षिणउतार (धागाकर्ता)

नमस्कार. मी पुण्याच्या दक्षिण भागात, टेकडीच्या उतारावरील एका वस्तीत गेली २२ वर्षे राहतो. वस्तीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ती मुले आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बसतात आणि त्यांतील दोघांना मी दप्तर पाठीवर असल्यापासून ओळखतो.

गेल्या महिन्यात रात्री सव्वाएकच्या सुमारास तीन दुचाकींवरून सात-आठ जण आले. कोयत्याची पाती रस्त्यावर घासत, शिव्या देत त्यांनी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि रस्त्याकडेला लावलेल्या चौदा गाड्या फोडल्या. भांडण आमच्यापैकी कोणाशीही नव्हते. शेजारच्या वस्तीतील दुसऱ्या टोळक्याला ‘इथला भाई कोण’ हे दाखवायचे होते, असे नंतर कानावर आले. आमचे शेजारी रिक्षा चालवतात. सकाळी ते रिक्षातला काचेचा चुरा केरसुणीने काढत होते, पण मीटरच्या फटीत गेलेला चुरा काही केल्या निघेना, म्हणून शेवटी त्यांच्या मुलीने शिवणाची सुई आणून तो एकेक कण टोकरून काढला. विमा केवळ त्रयस्थ पक्षाचा असल्यामुळे काच, हूड आणि चिरलेली सीट हा सगळा खर्च त्यांच्याच अंगावर पडला, शिवाय चार दिवसांचा धंदा बुडाला.

त्या रात्री आमच्यापैकी तिघांनी ११२ क्रमांकावर फोन केला होता. गाडी आली, पण तोपर्यंत सगळे पसार झाले होते. आलेले अंमलदार सौजन्याने बोलले आणि त्यांनी सरळच सांगितले की हद्द मोठी आहे, रात्रीच्या गाड्या मोजक्या आहेत आणि माणसे बंदोबस्ताला गेली आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही मंदिराच्या ओट्यावर बैठक घेतली, ‘आमच्या भागात जादा पोलीस द्यावेत’ असे निवेदन लिहिले, त्यावर ४१२ सह्या घेतल्या आणि ते ठाण्यात देऊन शिक्क्याची पोच घेतली. त्यानंतर आठवडाभर रात्री गस्तीची गाडी फिरली आणि मग पुन्हा पूर्वीसारखेच झाले.

माझी विचारणा अशी आहे. जादा पोलीस देण्याचा अधिकार मुळात कोणाला असतो, आणि आमच्या ठाण्यात माणसे खरोखरच कमी आहेत की ती दुसरीकडे वापरली जातात, हे सामान्य नागरिकाला कसे कळेल? सह्या करणाऱ्यांची नावे त्या मुलांपर्यंत पोहोचतील या भीतीने अनेक जण, विशेषतः भाडेकरू, मागे हटत आहेत. त्यांना काय सांगावे? आणि काही तरुणांनी लाठ्या घेऊन स्वतःच पहारा द्यायचे ठरवले आहे. ते योग्य आहे का? मोर्चा काढण्याचाही एक प्रस्ताव आहे, परंतु मागणीच नीट ठरलेली नसताना मोर्चा काढून काय साधणार, असे मला वाटते.

खाकीउतरवलेला

मी पोलीस दलात ३१ वर्षे काढून निवृत्त झालो आहे, पुण्यातील नोकरीही त्यात आली. आपले निवेदन फायलीत का गेले, ते सांगतो. ‘जादा पोलीस द्यावेत’ या वाक्याला कोणताही अधिकारी प्रामाणिकपणे ‘मनुष्यबळ उपलब्ध नाही’ असे उत्तर देऊ शकतो आणि विषय तिथेच संपतो. नवी पदे निर्माण करणे हे ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाच्या हातात नसते, आयुक्तांच्याही नसते. तो प्रस्ताव पोलीस महासंचालकांमार्फत राज्याच्या गृह विभागाकडे जातो, त्याला वित्त विभागाची संमती लागते, मग भरती आणि प्रशिक्षण. आज मागितलेला शिपाई आपल्या गल्लीत दिसेपर्यंत आपली नातवंडे शाळेत जाऊ लागतील. याउलट आहे ते मनुष्यबळ कोठे, किती वाजता आणि किती दिवस उभे राहावे, हे परिमंडळाचे उपायुक्त आणि आयुक्त आजच्या आज ठरवू शकतात. म्हणून माणसे मागू नका, तास मागा.

ठाण्यात तीन आकडे असतात: मंजूर पदे, प्रत्यक्ष भरलेली पदे आणि आज हजेरीला उभी असलेली माणसे. लोकांचे भांडण पहिल्या दोन आकड्यांवर चालते, पण खरी गळती तिसऱ्यात असते. साप्ताहिक सुट्टी, आजारपण, न्यायालयात साक्ष, समन्स-वॉरंटची बजावणी, कैदी पार्टी (कैद्यांची ने-आण), आणि या सगळ्यावर बंदोबस्त. आषाढात दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला येतात, गणपतीचे दहा दिवस असतात आणि विसर्जनाची मिरवणूक तर दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. त्यात मान्यवरांचे दौरे येतात. हे सगळे वजा केले की रात्रीच्या गस्तीला जो उरतो, तो बऱ्याचदा सकाळपासून उभाच असलेला माणूस असतो.

नवे ठाणे मागावे, असेही कोणी सुचवेल. २०२४ मध्ये पुणे आयुक्तालयात आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात नवी ठाणी झाली आणि ठाण्यांची संख्या ३२ वरून ३९ वर गेली. हद्द लहान झाली की पोहोचण्याचा वेळ कमी होतो, हे खरेच आहे. पण नव्या ठाण्याला ठाणे अंमलदार, वायरलेस, मुद्देमाल, क्राइम रायटर अशी टेबलावरची माणसे नव्याने लागतात, आणि सुरुवातीला ती जुन्या ठाण्यांतूनच उचलावी लागतात. पाटी नवी लागते, रस्त्यावरची माणसे मात्र तेवढीच.

तेव्हा निवेदनात असे लिहा: अमुक चौक ते अमुक मंदिर या पट्ट्यात रात्री ११ ते ३ या वेळेत बीट मार्शलच्या (दुचाकीवरून गस्त घालणाऱ्या अंमलदारांच्या) किमान दोन फेऱ्या व्हाव्यात, त्यांची नोंद गल्लीतील ठरावीक ठिकाणी व्हावी आणि बंद असलेली चौकी सायंकाळी ७ ते रात्री १ उघडी राहावी. चौकीचा आग्रह सोडू नका. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत एका तरुणीच्या मागे कोयता घेऊन धावणाऱ्याला रस्त्यावरच्या तरुणांनी अडवले, ते आपणा सर्वांना आठवत असेल. जवळच्या चौकीत त्या वेळी कोणी हजर नव्हते म्हणून तीन पोलिसांना निलंबित करण्यात आले होते. चौकी असणे आणि चौकीत माणूस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच मला त्यावरून सांगायचे आहे.

आकडे माहितीच्या अधिकारात मिळतात. साध्या कागदावर अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. मंजूर व कार्यरत पदसंख्या विचारा, आणि वेगळ्या अर्जात गेल्या वर्षी ठाण्याबाहेरील बंदोबस्तासाठी किती मनुष्यदिवस दिले गेले ते विचारा. ‘रोज रात्री कोण कोठे असतो’ असे विचारू नका. ते सुरक्षेच्या कारणास्तव नाकारतील, आणि नाकारणे रास्तही आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पहिले अपील करा. त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो.

वकिलीणबाई

काकांच्या म्हणण्याला एक जोड देते. चौदा गाड्या फुटल्या, पण तक्रारी किती नोंदल्या गेल्या? बहुधा एकाच्या नावाने एक तक्रार झाली असेल आणि बाकीचे तेरा जण ‘आमचेही त्यातच आले’ असे समजून घरी गेले असतील. मनुष्यबळाची मागणी वर जाते तेव्हा सोबत गुन्ह्यांचे आकडे जातात; नोंदच झाली नसेल तर आपला भाग कागदावर शांत ठरतो.

तक्रार देताना ‘गाडीचे नुकसान केले’ एवढेच सांगितले, तर प्रकरण अदखलपात्र म्हणून नोंदले जाण्याची शक्यता असते आणि मग दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. हातात कोयते होते, ते हवेत फिरवून लोकांना धमकावले, घाबरून लोकांनी दारे लावून घेतली, हे जे प्रत्यक्ष घडले ते सगळे जबाबात यायला हवे. त्यावर शस्त्र अधिनियम, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७(१) सह १३५ आणि क्रिमिनल लॉ अमेंडमेंट ॲक्टचे कलम ७ यांचा विचार होतो. न घडलेले मात्र एक अक्षरही घालू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते, आणि दखलपात्र गुन्हा नोंदवण्यास ठाण्याने नकार दिला तर त्याच कलमान्वये वरिष्ठांकडे लेखी तक्रार व त्यापुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

भीतीविषयी: तडीपारीची कारवाई महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली होते आणि ती दोन वर्षांपर्यंतची असू शकते. जिवाच्या भीतीने लोक उघडपणे साक्षीला पुढे येत नाहीत, ही गोष्ट कलम ५६ मध्ये गृहीतच धरलेली आहे. म्हणून त्या प्रस्तावात गोपनीय जबाब घेतले जातात आणि साक्षीदाराची ओळख समोरच्याला दिली जात नाही. आपल्या ४१२ सह्यांपेक्षा असे तीन-चार नेमके जबाब, तारीख-वेळ-ठिकाणासह, अधिक कामाचे ठरतील. भाडेकरूंना हे समजावून सांगा.

लाठ्यांच्या बाबतीत तर स्पष्टच सांगते. आयुक्तांनी कलम ३७(१) चा मनाई आदेश काढला असेल तर त्यात कोयत्याबरोबर लाठ्याकाठ्याही येतात. आपली मुले पहाऱ्याला उभी राहतील आणि पहिला गुन्हा त्यांच्यावरच दाखल होईल.

नदीपल्याड

मी आपल्यासारख्याच, पण थोड्या अधिक गरीब वस्तीत वाढलो आहे, म्हणून एक अप्रिय गोष्ट लिहितो. ‘पोलीस वाढवा’ अशी मागणी इमारतींमधून होते तेव्हा आमच्याकडे संध्याकाळी चौकात उभ्या असलेल्या सगळ्याच पोरांना गाडीत घातले जाते. कोणाची धिंड काढली की टाळ्या वाजतात, चित्रफीत फिरते, आणि ज्याची धिंड निघाली तो पुढच्या महिन्यात त्याच चित्रफितीवर ‘भाई’ म्हणून मिरवतो. जानेवारी २०२३ मध्ये कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहून नोंद ठेवण्यास दुकानदारांना सांगण्यात आले होते. कोयता हे नारळवाल्याचे आणि ऊसतोड मजुराचे रोजचे हत्यार आहे. ज्याला तो दहशतीसाठी हवा आहे, तो आधार कार्ड घेऊन रविवार पेठेतल्या दुकानात जाणार आहे का?

आणि आपण म्हणता त्या मुलांमध्ये अठरा वर्षांखालील किती आहेत? असतील तर त्यांची छायाचित्रे आपल्या गटावर फिरवू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे त्यांची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे. त्या दोघांना आपण दप्तरापासून ओळखता ना? मग त्यांच्या घरी कोणी गेले होते का?

खाकीउतरवलेला

नदीपल्याड यांचा रोष मला समजतो, आणि धिंडीबद्दल मी त्यांच्याशी सहमत आहे. माझ्या नोकरीत धिंडीने सुधारलेला एकही पोरगा मी पाहिलेला नाही. पण गस्त आणि धरपकड या एकच गोष्टी नव्हेत. भिवंडीचे उदाहरण पाहा. १९८४ मध्ये तिथे भीषण दंगल झाली होती. १९८८ पासून तिथले उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि एकेका शिपायाला ठरलेली वस्ती नेमून दिली. शिपाई तिथे रोज जाणार, नावानिशी माणसे ओळखणार. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. तो प्रश्न वेगळा होता, हे मान्य आहे. पण बाहेरून आलेली दहा माणसांची तुकडी सगळ्यांनाच उचलते, कारण तिला कोणीच माहीत नसते. रोज येणारा एक शिपाई नेमक्या दोघांच्या खांद्यावर हात ठेवू शकतो. म्हणून निवेदनात आणखी एक ओळ घाला: आमच्या बीटचा (गस्तीसाठी नेमून दिलेल्या भागाचा) अंमलदार किमान वर्षभर बदलू नये आणि महिन्यातून एकदा त्याने वस्तीत बैठक घ्यावी.

दक्षिणउतार (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वकिलीणबाईंचा अंदाज बरोबर निघाला: चौदापैकी एकच तक्रार नोंदलेली आहे आणि तीही फक्त नुकसानीची. काल संध्याकाळी रिक्षावाल्या शेजाऱ्यांसह पाच जण लेखी पुरवणी जबाब देऊन आले. त्यांतील एका काकूंनी खिडकीच्या फटीतून पाहिलेले सगळे वेळेसकट सांगितले, कारण त्यांना रात्री एक वाजता गोळी घ्यायची असते आणि त्यांनी तेव्हाच घड्याळ पाहिले होते. पहाऱ्याचा बेत रद्द झाला आहे, मोर्चा तूर्त पुढे ढकलला आहे. माहिती अधिकाराचे दोन अर्ज सोमवारी टाकतो.

नदीपल्याड, आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कोणीच गेले नव्हते. त्यांतल्या एकाची आई आमच्या इमारतीत तीन घरी धुणीभांडी करते, आणि त्या रात्रीनंतर दोन घरांनी तिला काढून टाकले. उद्या मी आणि मंदिराचे विश्वस्त तिच्याकडे जाणार आहोत. काय बोलावे, ते अजून सुचलेले नाही.

नव्या निवेदनाचा मसुदा रात्री येथेच टाकतो. खाकीकाका, चौकीच्या वेळेबद्दलचे वाक्य आपण एकदा तपासून द्याल का?