'मोलकरीण', 'घरघाटी' की 'घरकामगार'?

दांडियाबाजारकर: बडोद्यातल्या आमच्या सोसायटीसाठी घरकामाच्या अटींचं एक पान मराठी आणि गुजरातीत तयार होतंय. मराठी मसुद्यात 'कामवाली', 'मोलकरीण' आणि 'घरेलू कामगार' हे तिन्ही शब्द आलेत, पुरुषासाठी 'घरघाटी'. एकच शब्द ठेवायचा तर कोणता? 'मोलकरीण' अपमानकारक आहे का?

वेलांटी: घडणीत अपमान नाही. शेतकरी-शेतकरीण, वारकरी-वारकरीण, तसं मोलकरी-मोलकरीण. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. मोबदल्याचा हक्क शब्दातच आहे. हीन छटा वापराने चिकटली, आणि ज्यांना हा शब्द लागतो त्यांना तो आता टोचतो. तेवढं कारण तो टाळायला पुरेसं आहे.

पुल्लिंगी 'मोलकरी' बोलण्यातून जवळजवळ गेला आणि पुरुषाला 'गडी' उरला. पण पुरुषाने एखादं काम धरलं की त्याला त्या कामाचं नाव मिळतं: आचारी, माळी, ड्रायव्हर. बाई रोज पंधरा माणसांचा स्वयंपाक करत असली तरी ती 'पोळ्यांची बाई'. पगार ठरवताना हा फरक थेट आकड्यात उतरतो. 'आचारी' म्हटलं की कसबाचा दर निघतो, 'बाई' म्हटलं की तासाचा. म्हणून मसुद्यात स्त्री असो वा पुरुष, 'स्वयंपाक' या कामापुढे एकच दर लिहा.

'घरघाटी' मात्र नकोच. घाट उतरून मुंबईत मजुरीला आलेल्या मराठी माणसांवरून गुजरातीत 'घाटी' म्हणजे नोकर असा अर्थ रुळला. इथे बडोद्यात तो सर्रास ऐकू येतो, पण कागदावर एका प्रदेशाच्या माणसांचं नाव नोकराला का द्यायचं?

कायदेपान: 'घरेलू' हिंदीतून आला, पण महाराष्ट्राने 2008 च्या कल्याण मंडळाच्या कायद्यात तोच घेतल्यामुळे सरकारी मराठीत पक्का झाला. 'घरगुती कामगार' लिहू नका. घरगुती जेवण, घरगुती गॅस यांच्या ओळीत तो बसतो आणि घरी बसून पापड लाटणारी किंवा विड्या वळणारी असा अर्थ निघतो. ती वेगळी कामगार. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही दोघींसाठी वेगळे करार केले: घरी बसून काम करणाऱ्यांसाठी 1996 चा 177 क्रमांकाचा, दुसऱ्याच्या घरात काम करणाऱ्यांसाठी 2011 चा 189 क्रमांकाचा. भारताने या 189 क्रमांकाच्या कराराच्या बाजूने मत दिलं, अनुसमर्थन अजून केलेलं नाही.

माझं मत 'घरकामगार'. तो दोन्ही लिंगी चालतो, आणि पहिल्याच ओळीत 'दुसऱ्याच्या घरी मोबदला घेऊन काम करणारी व्यक्ती' एवढं लिहिलं की गोंधळ राहत नाही.

दांडियाबाजारकर: कायदेपान, मग 'कामाचं ठिकाण' कुठलं? मसुद्यात 'मालकाचं घर' आहे.

कायदेपान: दोन्ही शब्द लिहा: 'कामाचं ठिकाण, म्हणजे मालकाचं घर'. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात राहतं घरही कामाच्या ठिकाणात धरलंय. घरकाम करणाऱ्या स्त्रीची व्याख्याही आहे: मोबदला रोख असो वा वस्तूत, नेमणूक थेट असो वा एजन्सीमार्फत, काम पूर्णवेळ असो वा अर्धवेळ. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. घरकामगाराच्या बाबतीत सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. 'सोसायटीच्या कमिटीकडे तक्रार करावी' एवढंच छापलं, तर बाई तिथे फेऱ्या मारत राहते आणि मुदत निघून जाते.

वेलांटी: नावावर बरंच झालं. खरा घोळ 'सुट्टी' आणि 'खाडा' या दोन शब्दांत होतो. खाडा म्हणजे पगार कापला जाणारा गैरहजेरीचा दिवस. रजा मान्य असते, आणि गुजरातीतही 'रजा'च, म्हणून दोन्ही पानांवर तोच शब्द चालेल. पण 'महिन्यात चार सुट्ट्या' इतकंच लिहिलं तर महिनाअखेरीला त्या खाड्यांत मोजल्या जातात. पगार 3,000 असेल तर तीसने भागून रोजचे 100, म्हणजे चार सुट्ट्यांचे 400 गेले. 'चार पगारी रजा' असं लिहिलं की कापाकापी थांबते. घरचे गावाला गेले म्हणून काम नव्हतं, तो दिवस खाडा नव्हे. हे वेगळ्या ओळीत हवं.

'वरकाम' हा शब्दही मोघम आहे. भांडी दिवसातून किती वेळा, कपडे हाताने की मशीनचे नुसते वाळत घालायचे, कचरा-पोता (केर-फरशी) किती खोल्यांचा, पोळ्या किती माणसांच्या, पाहुणे आले तर जादा किती, हे नोंदवा.

दिवाळीला आपण 'पोस्त' म्हणतो, इथे 'बोणी'. दोन्ही देणाऱ्याच्या खुशीवर. ठरलेलं देणं असेल तर 'बोनस' लिहा, रकमेसकट. 'उचल' घेतली तर हप्ताही लिहा. नाहीतर पुढचा अख्खा पगार त्यात जातो. 4,000 ची उचल दरमहा 500 ने आठ महिन्यांत फिटते.

दांडियाबाजारकर: बदललेली ओळ अशी: 'घरकामगाराला दरमहा चार पगारी रजा मिळतील. मालक बाहेरगावी असल्यास ते दिवस हजेरीत धरले जातील.'

वेलांटी: 'मिळतील' ऐवजी 'आहेत' करा. 'मिळतील' म्हटलं की मागावं लागतं.