एचआर (मनुष्यबळ विभाग) कंपनीची संस्कृती घडवतं की नुसती राबवतं?

उंटावरचा शहाणा:
कंपनीची संस्कृती भिंतीवरच्या मूल्यांत शोधू नका. बढती कुणाला मिळते आणि नारळ कुणाला, ते पाहा. एचआर फक्त वरून आलेलं राबवतं, असं माझं ठाम मत. अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक घ्या. एकेका ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ सेवा मारायच्या, हा वरिष्ठांचा ध्यास. टार्गेटपायी लोकांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली. 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलर दंड झाला आणि या खात्यांपायी सुमारे 5,300 कर्मचाऱ्यांना काढल्याचं बाहेर आलं. नीतिमत्तेचं प्रशिक्षण तिथेही होतंच की!

तिरपागडा:
साफ नामंजूर. तुमच्याच उदाहरणात लोकांना वाकवलं कशानं? टार्गेट आणि इन्सेंटिव्हनं. म्हणजे एचआरच्याच हत्यारांनी. मायक्रोसॉफ्टमध्ये 'स्टॅक रँकिंग' होतं: टीम कितीही चांगली असो, कुणाला तरी तळाची श्रेणी द्यायचीच. मग हुशार माणूस दुसऱ्या हुशार माणसाच्या टीममध्ये जाईल कशाला? शेजाऱ्याला मदत केली की आपलंच रेटिंग धोक्यात. हेवेदावे आधी नव्हते असं नाही, पण नियमानं त्यांना पगारवाढीशी जोडलं. ही पद्धत नोव्हेंबर 2013 मध्ये बंद झाली. सत्या नडेला तिथले सीईओ झाले फेब्रुवारी 2014 मध्ये. आधी नियम बदलला, साहेब नंतर!

उंटावरचा शहाणा:
तारखा बरोबर, निष्कर्ष घाईचा. नडेलांच्या आधीचे सीईओ स्टीव्ह बामर यांनी जुलै 2013 मध्येच 'वन मायक्रोसॉफ्ट' म्हणत विभागांची फेरमांडणी जाहीर केली होती. सगळ्यांनी मिळून काम करायचं ठरल्यावर एकमेकांविरुद्ध रँकिंग टिकणार कसं?

खुर्चीपलीकडून:
मी एचआरमध्येच आहे, म्हणून दोघांनाही थोडं टोचणार. भरती करताना 'कल्चर फिट', म्हणजे माणूस आपल्या संस्कृतीत बसेल का, नावाचा रकाना असतो. त्याचे निकष कुणी लिहून देत नाही, त्यामुळे मुलाखत घेणारा स्वतःसारखाच माणूस निवडतो. अशानं चार वर्षांत सगळी टीम एकाच सुरात माना डोलावते. इथे वरून हुकूम नाही आणि नियमही नाही.

तिरपागडा:
निकष न लिहिणं हाही एचआरचाच निर्णय ना?

खुर्चीपलीकडून:
आम्ही लिहिले होते. विभागप्रमुखांनी 'आम्हाला माणसं कळतात' म्हणत परत पाठवले.

उंटावरचा शहाणा:
बघा, मी काय म्हणत होतो!